दिवाण बैलाचा शुद्ध विक्रम

खेळात शेवटी सत्याचाच विजय होतो.

हे वाक्य घाटमाथा बैलगाडा महासंघाने प्रत्येक शिंगमीटरच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापून घेतलं होतं. त्यातली पहिली बारा यंत्रं खजिनदाराच्या मेहुण्याच्या गोदामातून चोरीला गेली. चोरांनी यंत्रं नेली आणि सत्य छापलेली खोकी तिथेच टाकली. मग दुसरी यंत्रं आली, आणि ती मात्र चालली. चालतील असं महासंघातल्या कुणालाच वाटलं नव्हतं.

शिंगमीटरमागचं शास्त्र साधं होतं. बैलाचं शिंग बुडातून वाढतं. कागदाचे कोन एकात एक बसवत जावेत तसे त्याचे थर साचत जातात, जुना टोकाकडे, नवा बुडाशी. थर तयार होत असताना रक्तात जे काही फिरत असेल, त्याचा अंश त्यात अडकतो. थर एकदा कडक झाला की त्यात पुन्हा रक्त फिरत नाही, त्यामुळे अडकलेलं धुऊन जात नाही. लघवी आठवड्यात सगळं विसरते, रक्त महिन्यात. शिंग मात्र चुलत्यासारखं असतं, सगळं लक्षात ठेवतं. केस कापायच्या मशीनएवढं ते यंत्र शिंगावरून फिरवलं की उजेडाची तिरीप आत शिरायची आणि कोणत्या वर्षीच्या थरात काय आहे ते पडद्यावर यायचं. जनावराने स्वतः तयार केलेलं कोणतं आणि सुईतून आलेलं कोणतं, हेही त्याला वेगळं सांगता यायचं.

मेलेल्या बैलाचंही. घोळ इथेच झाला.

कारण त्या भागात घाट मारलेला, म्हणजे शर्यतीचा चढ जिंकलेला बैल मेला की त्याचा दहावा घालतात, आणि शिंगं पितळी टोपणं लावून बैठकीत टांगतात. म्हणजे तीस-चाळीस वर्षांचा पुरावा घरोघर भिंतीवर, हाताच्या अंतरावर, वर हार घालून ठेवलेला होता. दोन वर्षांत विक्रमांची रांगच्या रांग आडवी झाली. एका गावाने हुशारी करून भलतीच शिंगं पुढे केली. तेव्हा त्यांचा घाटाचा राजा चार वेळा व्यालेला निघाला.

ज्यांनी शिंगं दाखवायला नकार दिला त्यांच्या विक्रमापुढे महासंघ चांदणी छापू लागला. चांदणी म्हणजे संशय. पण लोकांनी पाहिलं की यादीत थोड्याच नावांपुढे चांदणी आहे, आणि ती सगळी मोठी नावं आहेत. महिनाभरात ‘चांदणीप्राप्त’ असे फ्लेक्स लागले. एकाने चांदणी मिळाल्याबद्दल गावजेवण घातलं. अध्यक्ष काजळे खुलासा करायला गेले आणि सत्कार घेऊन परत आले.

हे यंत्र जुन्नरच्या बाजूला चालवायचं काम डॉ. तेजश्री वायाळ यांच्याकडे होतं. त्या सरकारी जनावरांच्या डॉक्टर. माहेरच्या ढोबळे. माहेरच्या चिमण्या बैलाचा विक्रम जिल्ह्यात सगळ्यांत वेगवान होता, आणि तो तेजश्रीने स्वतःच्या हाताने पाडला होता. शिंगात औषध आलं. स्टेरॉइड, विक्रमाच्याच वर्षी. ते आधीच्या महिन्यात चिमण्याचा गुडघा सुजला तेव्हा तिनेच टोचलेलं होतं. पण महासंघाच्या तक्त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच रकाने होते, आणि बापासाठी तिसरा रकाना काढला असता तर बाकी सगळ्या गावांनी तिला गावात पाय ठेवू दिला नसता. तिने ‘होय’ लिहिलं. वडील सखाहारी ढोबळे एवढंच म्हणाले, “मशीन बरोबर हाये ना? मग झालं.” आणि त्यांनी फेटा बांधलेला स्वतःचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला. वर्षाच्या आत ते गेले. विक्रमाने गेले असं धाकटा भाऊ शुभम म्हणतो. यकृताने गेले असं डॉक्टर म्हणतात. शुभमने त्या दिवसापासून बहिणीला ताई म्हणायचं सोडलं. तो तिला मॅडम म्हणतो.

चिमण्या खाली आल्यावर यादीत पहिला झाला दिवाण. हा बैल तेजश्रीच्या सासऱ्यांचा, धोंडिभाऊ वायाळांचा. नावापुढे चांदणी.

“सूनबाई,” चहाची बशी तोंडाला लावत धोंडिआप्पा म्हणाले, “रविवारी काजळे येत्यात. दिवाणाची शिंगं तपासून टाक.”

तेजश्रीने हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं. “चांदणी बरी आहे म्हणत होता की तुम्ही.”

“बरी व्हती. पण घाटावर दिवाणाच्या नावाची कमान व्हनार, अन् मंत्र्याचा निरोप आलाय, चांदणीवाल्या बैलाच्या कमानीची फीत ते कापनार न्हाईत. त्येंला शुद्ध पायजे. निवडणूक हाये.”

“मग दुसरा डॉक्टर बोलवा. घरच्या बैलाला मी यंत्र लावणं नियमात बसत नाही.”

“बापाच्या बैलाला लावलंस तवा नियम काय चरायला गेला व्हता?”

तेजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. वैभव शांतताप्रिय माणूस होता. म्हणजे जो जिंकेल त्याच्या बाजूला तो उशिरा का होईना, पण यायचाच. अजून कुणी जिंकलेलं नसल्यामुळे तो फोनमध्ये बघत होता.

“तपासते,” ती म्हणाली. “पण जे निघेल ते लिहीन. आणि साक्षीदार मी आणीन.”

“आन की. घर तुझंच हाये,” आप्पा म्हणाले. हे वाक्य त्या घरात फक्त भांडणात वापरलं जायचं.

साक्षीदार आणायला ती शुभमच्या खताच्या दुकानात गेली.

“या मॅडम,” शुभम गल्ल्यावरून न उठता म्हणाला. “काय देऊ? युरिया, का कुणाच्या बापाची आणखी थोडी इज्जत?”

“दिवाणाची शिंगं तपासायची आहेत रविवारी. तू समोर बस.”

“कशाला? सासऱ्याचं निघालं ‘नाही’, की मी टाळ्या वाजवू? सगळा तालुका सांगतोय, त्यांच्या गोठ्यात सुया बदाबदा पडायच्या.”

“म्हणूनच बस. मी काही दाबलं तर तिथल्या तिथं बोल.”

शुभमने गिऱ्हाइकाचं पोतं वजनकाट्यावर सरकवलं. “येतो. आणि मॅडम, तुम्ही दाबलंत तर मी ओरडणार नाही. हसणार. पाहुण्यांसमोर.”

तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं. चिमण्याला एक माप आणि दिवाणाला दुसरं असं झालं असतं, तर बापाला तिने फुकट मारलं असतं.

रविवारी बैठकीत काजळे अध्यक्ष, पेढ्यांचा पुडा, वैभव, शुभम असे सगळे बसले. भिंतीवरची शिंगं खाली काढलेली होती. नेहमीची लाल-पिवळी शिंगं आज शंखासारखी पांढरी दिसत होती. पितळी टोपणं बाजूला, आणि सतरंजीखालून काचेचा तुकडा आणि शिंगाचा भुसा डोकावत होता.

“आप्पा, शिंगं साळलीत तुम्ही?” तेजश्रीने विचारलं.

“पोळ्याला साळतोच की आपन.”

“पोळा श्रावणात,” शुभम म्हणाला. “हा माघ आहे. आणि बैल मरून बारा वर्षं झाली.”

“तुला काय करायचंय रं पोरा? आमचा बैल, आमची शिंगं, आमचा पोळा!”

आप्पांचा हिशोब तेजश्रीला कळला. औषध वरच्या थरात असतं, थर साळला की औषध गेलं. तो हिशोब साफ चुकीचा होता. वर्षानुवर्षांचे थर आतपर्यंत असतात. वरून साळून जातो तो फक्त पोळ्यापोळ्याला चढवलेला तेलरंग. त्या रंगामुळेच यंत्राला इतर शिंगांत जेमतेम वर्षवार वाचता यायचं. साळलेल्या शिंगात उजेड सरळ आत गेला. पडद्यावर तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं इतकं स्पष्ट चित्र आलं, आठवड्या-आठवड्याचं. सत्य झाकायला निघालेल्या माणसाने काच घासून पुसून दिली होती.

औषधाचा रकाना तिने तीनदा पाहिला. दोन्ही शिंगं पाहिली.

“नाही,” ती म्हणाली. “बाहेरचं काही नाही. एकाही वर्षी.”

“न्हाई?” आप्पांनी विचारलं. निर्दोष सुटल्याचा असा धक्का बसलेला माणूस कुणी पाहिला नसेल. “आं? म्हंजी... मी तेच म्हनत व्हतो!”

“तुम्ही कुठे म्हणत होता?” शुभम म्हणाला. “तुम्ही तर घासत होता.”

“गोठ्यात चाळीस मानसांचं येनं-जानं. कोनी काय टोचलं, मला काय ठावं? म्हनून आपली खबरदारी.”

म्हणजे इतकी वर्षं दिवाणाच्या विक्रमावर सगळ्यांत जास्त संशय खुद्द मालकाचाच होता. काजळ्यांनी दाखल्यावर ‘शुद्ध’ असा शिक्का मारला, पेढा आप्पांच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या. शुभमने पडदा स्वतः पाहिला. मग चपला घातल्या. “मापात चूक नाही,” तो म्हणाला. “तुमचा सासरा सुदैवी आहे मॅडम. आमचा बाप नव्हता.”

तेजश्री उठली नाही. औषधाच्या रकान्याखाली यंत्रात आणखीही रकाने असत. चारा, आजार, ताण. महासंघ ते वापरत नसे. यंत्राच्या किमतीत आले म्हणून असत. त्यातली ताणाची रेघ ती पाहत होती. जनावर घाबरलं की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं. दिवाणाच्या विक्रमाच्या आधीच्या वर्षभर ती रेघ करवतीसारखी होती. वर, खाली, वर, खाली. बैल घाटावर न्यायला लागण्याच्याही कितीतरी आधीपासून.

पाहुणे गेल्यावर ती गोठ्यात आप्पांकडे गेली. आप्पा आज कुणालाही काहीही सांगायच्या मनःस्थितीत होते.

“दिवाणाला कसं शिकवलंत आप्पा?”

“त्यो आपला शोध हाये,” आप्पा खुलले. “आसूड न्हाई, काठी न्हाई. घाटावर मोकळा हात! कुनी बोट दाखवावं! सांगू? आधी गोठ्यात बांधायचा. बाहीर एकानं हलगी वाजवायची. हलगी वाजली रं वाजली, की शेपटीच्या बुडाला सेलच्या बॅटरीचा झटका. हलगी, झटका. हलगी, झटका. वरीसभर. मग घाटावर बॅटरीची गरजच न्हाई! घाटावर हलगी असतीच. वाजली, की ह्यो सुटला!”

“नियमात बॅटरी चालत नाही.”

“घाटावर चालत न्हाई. गोठ्याचा नियम कुठं हाये, दाखीव.”

नियमांच्या पुस्तकात गोठा हा शब्दच नव्हता.

ती पुन्हा पडद्याकडे आली. विक्रमानंतर आप्पांनी बॅटरी बंद केली होती. पण रेघ खाली आली नव्हती. बैल शर्यतीतून निवृत्त झाल्यावरही दरवर्षी ठरावीक काळात ती उभी राहायची. चैत्रात गावची जत्रा. मग वैशाख. वैशाखात काय, हे तिला आधी कळेना. मग कळलं. लग्नसराई. गावातल्या प्रत्येक वरातीपुढे दिवाणाला झूल घालून मानाने उभा करत, आणि समोर हलगी वाजवत. सगळ्यांत उंच टोक ज्या आठवड्याचं होतं, त्या आठवड्यात तिचं स्वतःचं लग्न होतं. फोटोत ती, वैभव आणि मध्ये दिवाण. बैल थरथरत होता हे तिला आठवत होतं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, अंगात देव आलाय त्याच्या, नमस्कार कर. आणि नवी नवरी असलेल्या डॉ. तेजश्रीने, पशुवैद्यकातलं सुवर्णपदक घेऊन, वाकून नमस्कार केला होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खताच्या दुकानात उभी राहिली.

“चिमण्याची शिंगं साळायची आहेत,” ती म्हणाली.

“पाडलंत की एकदा. आता काय दळायचंय?”

“शुभ्या, काच आण.”

शुभ्या म्हणून त्याला आता जगात दुसरं कुणी हाक मारणारं उरलेलं नव्हतं. तो दुकान कामावरच्या पोराच्या हवाली करून घरी आला, शिंगं मांडीवर घेऊन बसला आणि त्याने रंगाचे पापुद्रे काढले. खालून पांढरं शिंग निघालं तसं तिने यंत्र फिरवलं.

औषधाच्या रकान्यात ‘होय’ आलं. ते येणारच होतं. तिने खालची रेघ दाखवली. ती परातीत ओतलेल्या पाण्यासारखी सपाट होती. बैल घाट चढला, पहिला आला, लोकांनी गुलाल उधळला, आणि त्याच्या अंगात भीतीचा मागमूस नव्हता. एका ठिकाणी फक्त बारीक उंचवटा होता.

“हे काय?” शुभमने विचारलं.

“गुडघा सुजला तो आठवडा. दुखत होतं त्याला.”

“आणि मग खाली कसं आलं?”

“मी इंजेक्शन दिलं.”

शुभमने सपाट रेघेवरून बोट फिरवलं. “म्हणजे आमचा मजेत पळाला आणि अशुद्ध. तुमचा भेदरून पळाला आणि शुद्ध.”

“यंत्राप्रमाणे, हो.”

“मग आता कशाला दाखवताय हे? रडायला?”

“कमानीच्या कार्यक्रमात दाखला मला वाचायचा आहे. मी दोन्ही रेघा वाचणार आहे.”

“सासरा घरात घेईल?”

“बघू.”

“नाही घेतलं तर इकडे या,” शुभम म्हणाला, आणि लगेच पुढे, “दुकानाच्या माडीवर जागा आहे. पोत्यांची.”

कमानीच्या दिवशी घाटावर मांडव भरला होता. मंत्र्यांनी शुद्धतेवर भाषण केलं. ते नुकतेच तिसऱ्या पक्षात आले होते. दाखला वाचायला तेजश्रीचं नाव पुकारलं. तिने दाखला वाचला, टाळ्या झाल्या, आणि ती माइकवरून हटली नाही. तिने दोन्ही बैलांच्या रेघांचा तक्ता मागच्या पडद्यावर लावला.

“ही दिवाणाची भीतीची रेघ,” ती म्हणाली. “आणि ही खालची चिमण्याची. तुम्ही ज्याला विक्रम म्हणता त्या दिवशी दिवाण शर्यत पळत नव्हता. तो हलगीपासून जीव वाचवून पळत होता. वर्षभर गोठ्यात बॅटरीचे झटके दिल्यावर कुठलंही जनावर पळेल. तुम्हीही पळाल. औषध घेतलेल्या बैलाचा मान काढायचा असेल तर काढा. पण मग हा मान कशाचा, ते सांगा. ही कमान कुणाची? बैलाची, की बॅटरीची?”

मांडवातल्या माना पडद्याकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपलं कुणी ऐकतंय असं तिला वाटलं. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते. वैभव, कुणी जिंकलं का ते पाहत होता.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “इंजेक्शन नाय ना सापडलं? मग विषय संपला!”

“पन मॅडम, हे मशीनला दिसत न्हाई ना?” दुसऱ्याने विचारलं.

“दिसतं,” तेजश्री म्हणाली. “पण महासंघाचा रकाना नाही.”

“रकाना न्हाई,” तो शेजाऱ्याला म्हणाला.

काजळे पुढे झाले. “डॉक्टरांनी मांडलेल्या भावनांची महासंघ नोंद घेत आहे.” त्यांनी माइक तिच्या हातातून घेतला, मंत्र्यांच्या हातात कात्री दिली, मंत्र्यांनी फीत कापली, आणि खाली हलगी सुरू झाली.

तेजश्री व्यासपीठावरून उतरली तेव्हा शुभम पायरीशी उभा होता. “बरं बोललीस,” तो म्हणाला. अजून ताई नाही, पण मॅडमही नाही. तेवढ्यात पाच-सहा गाडामालकांनी तिला घेरलं. चेहरे गंभीर होते. तिला वाटलं, लाजले असतील.

“तो तक्ता आमच्या ग्रुपवर टाका ना मॅडम,” एकजण नम्रपणे म्हणाला. “आठवड्याआठवड्याचा. नीट बघायचाय.”

“टाकते,” ती म्हणाली. सगळ्यांनी पाहायलाच हवा, असंच तिला वाटत होतं. तिथेच उभी राहून तिने तो सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

“आन् आप्पांनी बॅटरी किती महिने आधी सुरू केली व्हती?” दुसऱ्याने विचारलं. त्याच्या हातात पेन होतं.

पुढच्या हंगामात जिल्ह्यातल्या एकाही बैलात औषध सापडलं नाही. तालुक्यात टॉर्चचे सेल मिळेनासे झाले.